रबाळे ते घणसोली

2022 च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. आधी दोन दिवस कडेला वीज लकाकल्यासारखं व्हायचं, काळे ठिपके तरंगायचे. मी ते थकव्यावर ढकललं. तिसऱ्या दिवशी वाशीला ऑफिसात बसलेली असताना खालच्या कोपऱ्यातून एक सावली वर चढायला लागली, तेव्हा मात्र हातपाय गळाले. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. तो बुडबुडा पडद्याला नीट दाबून धरावा म्हणून पेशंटने मान खाली घालून राहायचं असतं. मला आठ दिवस सांगितले होते. जेवण, अंघोळ आणि डोळ्यांतले थेंब एवढं सोडलं तर सगळा वेळ पालथं. गॅस विरेपर्यंत विमान नाही, घाट नाही.

दुसऱ्या डोळ्याला नंबर मोठा, आणि पालथ्या मानेने चष्मा नाकावर टिकेना. म्हणजे वाचन बंद. मिस्टरांनी मोबाइलवर मराठी बायबलचं वाचन लावून उशाशी ठेवलं. आवाज चांगला होता, पण तो त्याच्या वेगाने पुढे जायचा. मी एका वाक्यावर थांबलेली असायचे आणि तो दोन अध्याय पुढे गेलेला असायचा. मग मला झोप लागायची. जाग यायची ती रात्री दोनला, तीनला. घर झोपलेलं, बाहेर पाऊस, आणि मिटल्या डोळ्यापुढे तो काळसर गोल बुडबुडा मान हलवली की हलायचा. अशा वेळी मोबाइल लावावासा वाटत नव्हता. मला म्हणायचं होतं, ऐकायचं नव्हतं.

पहिल्या रात्री बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हटलं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, ते सबंध आलं. प्रभूची प्रार्थना आली. योहानाच्या शुभवर्तमानातलं तीन सोळा, म्हणजे तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन, आलं. मग एकशे एकविसावं सुरू केलं, ‘मी आपली दृष्टी डोंगराकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?’ आणि तीन-चार ओळींनंतर वाट संपली. पुढे सूर्य आहे, चंद्र आहे, रक्षण आहे हे ठाऊक होतं, पण शब्द नव्हते. मी पुन्हा तेविसाव्यावर आले. त्या रात्री ते किती वेळा म्हटलं कोण जाणे. पहाटेकडे एकच गोष्ट मनात घुमत होती: जन्मापासून पन्नास वर्षं दर रविवारी देवळात जाते आहे, आणि अंधारात माझ्या पदरात एवढंच?

शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मी सुवर्णवचनांसाठी बक्षिसं मिळवलेली आहेत. आमच्या नगरच्या मंडळीत दर रविवारी एक वचन पाठ करून यायचं, आणि वर्षाच्या शेवटी ज्याला बावन्नच्या बावन्न येतील त्याला नवा करार मिळायचा. मला तो दोनदा मिळाला. ती बावन्न वचनं कुठे गेली? मी ती नाताळच्या कार्यक्रमापर्यंत सांभाळली आणि बक्षीस हातात पडल्यावर सोडून दिली. कुणी सांगितलंही नव्हतं की ही नंतर लागणार आहेत.

आजीची तऱ्हा निराळी होती. तिला अक्षरओळख नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 पासूनचं. घरोघर येऊन शिकवणाऱ्या बायबलबाईंच्या तोंडून तिने स्तोत्रं घेतली आणि जात्यावर घोटली. तिला एकशे तिसरं स्तोत्र अखंड यायचं. मी चौथी-पाचवीत असताना पुस्तक उघडून तिची परीक्षा घ्यायचे: ‘आजी, चौदावं वचन काय?’ तिला ते सांगता येत नसे. ती म्हणायची, ‘मधलंच नाही येत गं, पहिल्यापासून म्हणावं लागतं.’ आणि ‘हे माझ्या जिवा’पासून सुरू करून, जात्याचा खुंटा धरल्यासारखी किंचित पुढेमागे होत, ती चौदाव्यापर्यंत चालत यायची. आम्ही माती आहोत हे देवाला आठवतं, असं ते वचन आहे. तिथे पोचली की हाताने थांब अशी खूण करायची. ‘हे घे तुझं चौदावं.’

पालथी पडलेली असताना मला तो हात दिसत होता.

डोळा सुधारला. पूर्वीइतकं नाही, पण कामापुरतं दिसायला लागलं, आणि ऑक्टोबरात मी ऑफिसला जायला लागले. पाठांतर करायचं ठरलं होतं. कसं करायचं ते मात्र समजत नव्हतं. आधी वहीत उतरवून काढलं, तर अक्षर सुधारलं आणि पाठ काही झालं नाही. फ्रिजवर चिठ्ठी लावली. चार दिवसांनी ती चिठ्ठी दिसेनाशीच झाली, म्हणजे होती तिथेच, पण नजर तिच्यावरून घसरून जायची. मुलाने मोबाइलवर एक ॲप घालून दिलं. त्यात गुण मिळायचे, आणि मला शब्बाथशाळेचं बक्षीस आठवलं. ते काढून टाकलं.

भाषांतर कुठलं घ्यायचं हाही प्रश्न होता. हल्ली सोप्या मराठीतली बायबलं मिळतात आणि वाचायला ती खरोखर चांगली आहेत. पण मी देवळात वाचतात तेच जुनं धरलं. त्यातले निम्मे शब्द कानात आधीच बसलेले होते. ‘उणे’, ‘अरिष्ट’, ‘आकडी’ हे शब्द मी दुसरीकडे कुठे वापरत नाही, आणि म्हणूनच ते एकमेकांचा हात धरून येतात.

खरी सोय झाली ती गाडीत. मी कोलबाडला राहते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून वाशीला जायला अर्धा तास लागतो. तेव्हा दिघा गाव स्टेशन व्हायचं होतं. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी: मधले टप्पे सात. पहिलं स्तोत्र आणि एकशे एकविसावं सहज मावली. ती दोन झाल्यावर 2023 च्या पावसाळ्यात मी आजीचं एकशे तिसरं घेतलं. त्यात वचनं बावीस. एका टप्प्यात तीन, म्हणजे वाशी येईपर्यंत एकवीस, आणि बाविसावं वाशीच्या जिन्यावर. गाडीने ठाणे सोडलं, खाडीचा पूल लागला की पहिलं. ऐरोलीकडे तिवरं दिसायला लागली की तिसरं, तो तुझे सर्व रोग बरे करतो. ते म्हणताना मी उजव्या डोळ्याने मुद्दाम बाहेर पाहायचे.

बायकांच्या डब्यात तोंडाने पुटपुटणारी मी एकटी नव्हते. सकाळच्या गाडीत एक जण पोथी उघडून बसते, एक मुलगी बोटांवर तसबीह मोजते. सानपाड्याला उतरणाऱ्या एक काकू विष्णुसहस्रनाम म्हणायच्या, पुस्तकाशिवाय. महिनाभर आम्ही समोरासमोर बसून आपापलं म्हणत होतो. एकदा त्यांनी विचारलं, ‘तुमचं काय पाठ चाललंय?’ मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की सुरुवात पक्की होते पण शेवटाला पोचेपर्यंत पाय लटपटतात. त्या म्हणाल्या, ‘आमच्या वडिलांनी आम्हाला शेवटून शिकवलं. आधी शेवटची ओळ, मग तिच्या आधीची आणि ती, मग त्याच्या आधीची. म्हणजे पुढे जाताना माणूस ओळखीच्या जागेकडे जातो.’ किती साधी गोष्ट! मी परतीच्या गाडीत वाशीपासून उलटी सुरू झाले. बाविसावं, मग एकविसावं-बाविसावं, मग वीस-एकवीस-बावीस. त्या स्तोत्राची गंमत अशी की त्याचं शेवटचं वाक्य आणि पहिलं वाक्य एकच आहे, ‘हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर.’ शेवटून निघालं तरी पोचायचं तिथेच.

काकूंच्या बोलण्यावरून मला पंडिता रमाबाई आठवल्या. लहानपणी आईच्या तोंडून ऐकून त्यांनी भागवत मुखोद्गत केलं होतं. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या आणि ते 1924 मध्ये निघालं. ज्या जिभेवर अठरा हजार श्लोक खेळले, तिला मराठी वचनाचं वजन कळणारच.

पहिल्या स्तोत्रात म्हटलं आहे की धन्य पुरुष देवाच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. मनन म्हटलं की मला डोळे मिटून शांत बसलेला माणूस दिसायचा. आमच्या पाळकसाहेबांनी बायबल अभ्यासात सांगितलं की तिथला मूळ हिब्रू शब्द ‘हागा’ हा आवाजाचा शब्द आहे. पुटपुटणं, गुणगुणणं. यशयाच्या 31 व्या अध्यायात सिंह आपल्या भक्ष्यावर गुरगुरतो तिथे हाच शब्द आहे, आणि 38 व्यात हिज्किया राजा आजारपणात पारव्यासारखा घुमतो तिथेही हाच. हे ऐकल्यापासून मी गाडीत ओठ हलवायला लाजत नाही. मनातल्या मनात म्हटलेलं वचन शब्द गाळून पळतं. ओठांवर आणलं की त्याला प्रत्येक शब्दाला टेकावं लागतं.

याच सुमारास एका घरगुती प्रार्थनासभेत एक भगिनी मला म्हणाल्या, ‘पाठ केलेली प्रार्थना ही ओठांची असते. प्रभूने व्यर्थ बडबड करू नका असं सांगितलंय. आत्मा जे सुचवील ते बोलावं.’ त्यांच्या प्रार्थनेत कळकळ असते हे मी जाणून आहे, म्हणून ते बोलणं मला लागलं आणि मी बरेच दिवस त्यावर विचार केला. मत्तयाचा सहावा अध्याय काढून पाहिला. व्यर्थ बडबड करू नका हे सातव्या वचनात आहे, आणि लगेच नवव्या वचनात प्रभू शिष्यांना नेमके शब्द देतो, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या.’ अरण्यात सैतानाने तीनदा मोहात पाडायचा प्रयत्न केला तेव्हा प्रभूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन उच्चारलं. चाळीस दिवसांचा उपाशी, जवळ शास्त्राची गुंडाळी नाही, काही नाही. वधस्तंभावरही ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे, आणि ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ हे एकतिसाव्यातलं. त्या घटकेला त्यालाही शब्द आधीचेच लागले. मला वाटतं, ज्या दुःखात स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्यासाठीच ही तरतूद आहे. ऑपरेशननंतरच्या त्या आठ रात्रींत मला आपणहून एकच वाक्य सुचत होतं: ‘देवा, डोळा जाऊ देऊ नको.’ ते वाक्य खरंच होतं. पण त्यात फक्त मी होते. तेविसाव्या स्तोत्रात तो होता.

पुढे वाचताना काही गोष्टी सापडत गेल्या. 787 साली निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने नियम केला की ज्याला स्तोत्रसंहिता पाठ नाही त्याला बिशप करू नये. दीडशेच्या दीडशे स्तोत्रं! आणि एक गोष्ट तर आमच्या गावातलीच निघाली. 1321 साली चार फ्रान्सिस्कन बंधू, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले संन्यासी, ठाण्यात मारले गेले. त्यांतला देमेत्रियस हा याजक नव्हता, तो त्यांचा दुभाषा. फ्रान्सिस्कन संघाची 1223 ची नियमावली सांगते की जे बंधू याजक नाहीत त्यांनी दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांना स्तोत्रांऐवजी प्रभूची प्रार्थना म्हणावी: रात्रीच्या उपासनेला 24, पहाटे 5, मग चार प्रहरांना प्रत्येकी 7, संध्याकाळी 12, झोपताना 7. मी बेरीज केली, 76 भरते. मी प्रोटेस्टंट घरात वाढलेली, अशी मोजणी आमच्यात नाही. पण खाडीच्या पुलावरून जाताना मला तो माणूस आठवतो. परक्या मुलखात, याच पाण्याच्या काठी, हातात पुस्तक नसताना तो ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणत चालत असेल.

आता मूळ गोष्टीकडे येते.

एकशे तिसरं मला दिवाळीच्या आसपास आलं. म्हणजे एक जागा सोडून आलं. रबाळे ते घणसोली या टप्प्यात सातवं, आठवं, नववं. सातवं यायचं. आठवं यायचं, परमेश्वर दयाळू आहे, मंदक्रोध आहे. आणि तिथून मी सरळ दहाव्यावर उडी मारायचे. घणसोलीचा प्लॅटफॉर्म आला की लक्षात यायचं, एक कमी पडलं. पुस्तक उघडून नववं पाहायचं, घोटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाकीची एकवीस वचनं शहाण्या मुलांसारखी रांगेत उभी, आणि हे एक रोज गैरहजर. ते लांब नाही, कठीण नाही. देव कायम दोष देत राहत नाही, राग धरून बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तीन आठवडे मी त्याला स्मरणशक्तीचा दोष म्हणत राहिले. वय झालं, म्हटलं. मग एका सकाळी रबाळे सुटल्यावर, चौथ्या सीटवर अर्धी टेकून उभ्या-बसल्यासारखी असताना, ते वचन ओठांवर आलं आणि त्याच क्षणी ताईचा चेहरा समोर आला. आणि वचन गेलं. गेलेलं मला दिसलं.

माझी थोरली बहीण नगरला असते. आईची शेवटची दोन वर्षं तिच्याकडे गेली. अंथरुणातली आई, उठवणं, बसवणं, भरवणं सगळं तिने केलं. मी महिन्याला पैसे पाठवायचे आणि सुटीत जाऊन यायचे. आईच्या मातीच्या दिवशी, लोक अजून अंगणात असताना, ती मला म्हणाली, ‘तू पैसे पाठवलेस. बास.’ मी काही बोलले नाही आणि संध्याकाळच्या गाडीने निघून आले. त्यानंतर चार वर्षं आमचं बोलणं लग्नपत्रिकांपुरतं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिने फोन केला तो मिस्टरांना. मला घाट चढायला बंदी होती, पण खरं सांगते, बंदी नसती तरी मी गेले नसते.

आता मला समजलं की माझी जीभ प्रामाणिक होती. राग धरून ठेवत नाही हे शब्द मी म्हणायला लागले की आतून कुणीतरी दार लावून घेत होतं. नुसतं वाचताना हे कधीच लक्षात आलं नसतं. हे स्तोत्र मी आयुष्यात शंभर वेळा वाचलं असेल, आणि डोळे दर वेळी नवव्यावरून दहाव्यावर गेले असतील. पाठ करताना मात्र प्रत्येक शब्दाला आपण जागा करून द्यावी लागते, आणि जागा नसली की ती नाही हे उघड होतं.

त्यानंतर मी घोकणं थांबवलं. रबाळे सुटलं की फक्त नववं हळू म्हणायचे, ताईचं नाव घेऊन. काही दिवस ते जिभेवर वाळूसारखं लागलं. जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि माझ्या पहिल्या तीन वचनांची वाटणी बिघडली. पहिलं दिघ्यापर्यंत, दुसरं-तिसरं ऐरोलीपर्यंत, अशी नवी बसवणी करावी लागली. दुसरं वचन आहे उपकारांबद्दलचं. ते आता नव्या टप्प्याच्या सुरुवातीला आल्यामुळे ठळक ऐकू यायला लागलं: त्याचे सर्व उपकार विसरू नको. आणि उपकार मोजायला बसलं की त्यात ताईने आईला भरवलेले घास येतातच, ते कसे वगळणार?

फेब्रुवारीत एका संध्याकाळी वाशीच्या प्लॅटफॉर्मवर परतीच्या गाडीची वाट पाहताना मी ताईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तिने उचलला, ‘बोल’ म्हणाली. मी म्हटलं, ‘ताई, आजी एकशे तिसरं म्हणायची ना, त्यातलं नववं वचन ती कसं म्हणायची गं? पुस्तकातलं मला येतंय, पण तिचं काहीतरी वेगळं होतं.’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणाला तरी तिने गॅस बारीक करायला सांगितलं.

‘मधलंच नाही येत गं,’ ती म्हणाली. ‘पहिल्यापासून म्हणावं लागेल.’

‘म्हण.’

‘तुझी गाडी असेल ना?’

‘म्हण तू.’

तिने घसा साफ केला आणि ‘हे माझ्या जिवा’पासून सुरू केलं. आजीच्याच चालीत, शेवटचा शब्द किंचित ओढत. पाचव्याला अडली, गरुडाच्या जागी, तिथे मी शब्द दिला. ठाण्याची गाडी आली, बायका चढल्या, दारं भरली आणि ती सुटली. ताई सहावं म्हणत होती.